लहान चणीच्या कुत्रीला डेकेअरमध्ये ठेवणं सुरक्षित आहे का? (पर्वरी-पणजी परिसर)

सुरंगी वळेसर

नमस्कार मंडळी. इथे कुत्री-मांजरं पाळणारे बरेच जण आहेत म्हणून हा धागा काढतेय.

आम्ही पर्वरीला फ्लॅटमध्ये राहतो. घरात तिळू आहे. पाच वर्षांची, पॉमेरेनियन आणि आणखी कशाचं तरी मिश्रण, वजन चार किलोच्या आसपास. नसबंदीचं ऑपरेशन झालंय, लशी वेळेवर आहेत. आजवर सासूबाई घरी असायच्या, त्यामुळे तिला एकटं ठेवायची वेळच आली नाही. आता नणंदेच्या बाळंतपणासाठी त्या सावंतवाडीला जाताहेत, त्या गणपतीनंतरच परत येतील. माझं ऑफिस पणजीत पाटोला, नवऱ्याची कंपनी वेर्ण्याला. सकाळी साडेआठला घर सोडलं की यायला सात वाजतात, पर्वरीच्या हायवेला अडकलो तर त्याहून उशीर. एवढा वेळ तिला कोंडून ठेवणं मनाला पटत नाही.

दोन डेकेअर बघून आले. पहिलं एका जुन्या घरात आहे. मोठी बाग, आंब्या-फणसाची सावली, बघताक्षणी आवडावं असं. पण तिथे सगळी कुत्री एकत्र मोकळी असतात. लॅब, हस्की, एक रॉटवायलर आणि त्यांच्या पायांत दोन छोटे शित्झू. मालक म्हणाले, "काही होत नाही, दोन दिवसांत रुळते." दुसरं बंद हॉलमध्ये, एसी आहे, लहान आणि मोठ्या कुत्र्यांच्या खोल्या वेगळ्या. पैसे जवळजवळ दुप्पट आणि बाग अजिबात नाही.

नवऱ्याचा कल पहिल्याकडे आहे, मोकळी हवा मिळेल म्हणून. माझा जीव होत नाही. ज्यांनी लहान कुत्र्यांना ठेवलंय त्यांनी बरे-वाईट दोन्ही अनुभव सांगा. पाऊस सुरू व्हायच्या आत ठरवायचंय.

अस्नोड्याचा वारा

आधी तिळूबद्दल सांगा. खाली फिरायला नेल्यावर मोठं कुत्रं समोर आलं तर ती काय करते? भुंकत अंगावर जाते, मागे लपते, की वास घेऊन पुढे निघते? डेकेअर कितीही चांगलं असू दे, निम्मं उत्तर तिच्या स्वभावात आहे. काही कुत्र्यांना दुसरी कुत्री नकोच असतात, त्यांना माणसं हवी असतात. अशांना रोज पंधरा-वीस कुत्र्यांत सोडणं ही शिक्षाच आहे.

सुरंगी वळेसर

ओळखीच्या कुत्र्यांशी छान वागते. आमच्याच मजल्यावरच्या म्हाताऱ्या बीगलशी तिची गट्टी आहे. अनोळखी मोठं कुत्रं दिसलं की माझ्या दोन पायांमध्ये येऊन उभी राहते. ते अगदी जवळ आलं तर किंचाळल्यासारखी भुंकते आणि पळत सुटते.

मिरामार सकाळ

"पळत सुटते" हे वाचलं आणि लिहायला बसले.

आमचा शित्झू बार्देशातल्या एका डेकेअरमध्ये जायचा. तुम्ही पहिलं वर्णन केलंय तसंच, बाग आणि सगळी कुत्री एकत्र. आधी हे सांगते की कितीतरी महिने सगळं उत्तम चाललं होतं. गाडी त्या गल्लीत वळली की हा सीटवर उभा राहून शेपटी हलवायचा. एके दिवशी दुपारी तिथे एक तरुण हस्की नवीन आला. तो वाईट कुत्रा होता असं कुणीच म्हणालं नाही, मीही म्हणणार नाही. दोघं खेळत होते, आमचा घाबरून पळाला, हस्की मागे लागला, आणि पाठीला धरून त्याने उचलून हलवला. सांभाळणारा मुलगा त्या वेळी गेटवर दुसऱ्या कुत्र्याला आत घेत होता.

मला संध्याकाळी सांगितलं, "थोडं खरचटलंय, हळद लावलीय." घरी आणून केस बाजूला करून बघितलं तर दोन बारीक छिद्रं, रक्त जवळजवळ नाही. पण तो आडवा होईना. मान पुढे ताणून बसून राहिला होता आणि श्वास पोटाने घेत होता. रात्रीच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी केस काढले तेव्हा खांद्यापासून कमरेपर्यंत कातडी जांभळी. आत कातडी मांसापासून सुटली होती, पोकळीत पाणी साठत होतं, नळी घालावी लागली. वाचला. पण दुपारी दोनला घडलेली गोष्ट मला सात वाजता कळली, आणि डेकेअरकडून उत्तर आलं की खेळताना असं होतंच.

नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका जागेचा नाही. चार किलो आणि तीस किलो एकाच अंगणात मोकळे, आणि लक्ष ठेवायला एक माणूस, ही रचनाच मला मान्य नाही.

टिटवी

मी सासष्टीत पशुवैद्य आहे. मिरामार सकाळ यांनी लिहिलंय तसे रुग्ण आमच्याकडे येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लहान कुत्र्याला धोका भांडखोर कुत्र्यापासूनच असतो असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात स्वभावाने गरीब असलेल्या मोठ्या कुत्र्याकडूनही अपघात होतो. काहीतरी छोटं, केसाळ, बारीक आवाजात ओरडत पळायला लागलं की पाठलाग करून धरायचं आणि झटका द्यायचा, ही शिकारीची साखळी कुत्र्याच्या अंगात उपजत असते. खेळता खेळता ती जागी होते. त्या क्षणी तो समोरच्याला कुत्रा म्हणून बघत नाही. दोन-तीन कुत्री एकदम मागे लागली तर आणखी वाईट. यात राग नाही, सूड नाही, त्यामुळे आधी गुरगुरणंही नसतं. "आमचा टायगर कधी कुणाला चावलेला नाही" हे खरं असूनही त्याचा उपयोग नाही. आणि तिळू घाबरल्यावर नेमकं किंचाळते आणि पळते.

दुसरं म्हणजे जखमेचा प्रकार. कुत्र्याची कातडी सैल असते. सुळा आत जातो, छिद्र बारीकच पडतं, पण वरची कातडी हलते आणि खालचे स्नायू फाटतात. छातीवर चावा असेल तर फासळी मोडू शकते, फुप्फुसाभोवती हवा शिरू शकते. हे काही तासांनी दिसू लागतं. म्हणून मोठ्या कुत्र्याने लहानाला तोंडात धरलं असेल तर वरून काही दिसो वा न दिसो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. हळद लावून संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. डेकेअर ठरवताना हे आधीच लेखी घ्या: दात लागला, लंगडायला लागली, उलटी झाली, तर ताबडतोब फोन.

आता रोगांबद्दल. अनेक कुत्री एका जागी आली की केनेल कफ फिरतो. घशात काही अडकल्यासारखा कोरडा, मोठ्या आवाजाचा खोकला. संसर्गानंतर दिसायला दोन आठवड्यांपर्यंतही लागू शकतात, त्यामुळे आलेलं कुत्रं आज ठणठणीत दिसलं म्हणून निर्धास्त राहता येत नाही. वर्षाच्या नेहमीच्या इंजेक्शनात बोर्डेटेलाची, म्हणजे केनेल कफच्या एका मुख्य जंतूविरुद्धची लस नसते, ती वेगळी. डेकेअर सुरू करायच्या दोनेक आठवडे आधी तुमच्या डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा. पॉमेरेनियनमध्ये श्वासनलिका कमकुवत असण्याचं प्रमाण जास्त, खोकला त्यांना जड जातो. याच कारणासाठी तिला गळ्यात पट्टा लावून ओढू नका, हार्नेस म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा वापरा.

पावसाळा येतोय म्हणून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस वर्षाच्या आत झालीय का ते कार्डावर बघा. उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात तो जंतू येतो आणि माणसालाही होतो. आणि गोचीड. आपल्याकडच्या दमट हवेत वर्षभर असतात. एर्लिकिया आणि बॅबेसिया हे दोन्ही ताप त्यांच्यामुळेच येतात. कुत्रं सुस्त, जेवत नाही, हिरड्या फिकट, नाकातून रक्त, असं काहीही दिसलं तर रक्त तपासून घ्या. गोचिडीची गोळी वजनाप्रमाणे असते. चार किलोच्या कुत्रीला मोठ्या कुत्र्याची गोळी मोडून देऊ नका.

वाळपईचा शेजारी

ताई, राग मानू नका, मी जुन्या वळणाचा माणूस आहे. आमच्याकडे कुत्रा ओसरीवर असतो आणि घरात कोणी ना कोणी असतंच, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला पडत नाही. पण तुमच्या जागी असतो तर मी आधी बिल्डिंगमध्ये विचारलं असतं. त्या म्हाताऱ्या बीगलच्या घरी दिवसभर कोण असतं? कुत्र्याला ओळखीची जागा आणि ओळखीचं माणूस बरं. तिचं अंथरूण, तिचा वास सगळं जवळच राहील. परक्या वीस कुत्र्यांत दहा तास काढण्यापेक्षा शेजारच्या आजीच्या पायाशी झोपलेली बरी.

खाजन

काकांशी सहमत, पण पूर्ण नाही. आमची डॅशहंड घरी एकटी राहून भुंकून भुंकून सोसायटीच्या तक्रारी यायच्या, दाराची चौकट कुरतडून ठेवली होती. डेकेअरमध्ये जायला लागल्यापासून रात्री शांत झोपते. लहान कुत्र्यांसाठी डेकेअर वाईटच असं कुणी इथे वाचून जाऊ नये. आमचं मडगावजवळ आहे. लहान कुत्र्यांचा गट वेगळा, फार तर सात-आठ जणी. तिच्या पाठीच्या मणक्यामुळे सोफ्यावर चढू-उतरू देऊ नका असं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आजही त्या मुली तिला उचलून ठेवतात.

एक माहिती हवी होती. गोवा रेबीजमुक्त झालाय असं ऐकलं, मग डेकेअरवाले दरवर्षी रेबीजचं इंजेक्शन मागतात ते कशाला?

टिटवी

@खाजन, मागू द्या, आणि जे मागत नाहीत तिथे ठेवू नका. २०१४ पासून मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकारने वाड्यावाड्यांवर जाऊन कुत्र्यांना लशी दिल्या. २०२१ मध्ये मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की आधीच्या तीन वर्षांत राज्यात माणसाला रेबीज झालेला नाही. हे लसीकरणामुळे झालंय आणि लसीकरणामुळेच टिकेल. राज्याच्या सीमा कुत्र्यांसाठी बंद नाहीत. पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर पहिलं इंजेक्शन, मग दरवर्षी. आणि कुत्रं माणसाला चावलं, ओरखडलं, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि दवाखाना गाठायचा. आपलं असो वा परकं.

पायवाट

मी पुण्यात आणि नंतर इथे गोव्यात डेकेअरमध्ये काम केलंय, आता ते क्षेत्र सोडलं. आतून बघितलेलं सांगते.

इन्स्टाग्रामवरचे फोटो विसरा. मालकांनी दिलेल्या वेळेला जाऊ नका. सकाळी कुत्री यायच्या वेळी जा, साडेनऊच्या सुमारास. सगळ्यात जास्त भांडणं दारात होतात. नवीन कुत्रं आत येतं, आतली सगळी दाराकडे धावतात, त्या गर्दीत लहान कुत्रं तुडवलं जातं. दार एकच आहे की दोन? एक बंद झाल्यावरच दुसरं उघडतं का? लहान कुत्रं फटीतून निसटतं आणि बाहेर रस्ता असतो. दोन दारं नसतील तर पुढे काही विचारू नका, परत या.

मग माणसं मोजा. दहा-पंधरा कुत्र्यांमागे किमान एक माणूस असा अंदाज या कामात धरतात, आणि तो माणूस खोलीत उभा हवा. झाडू मारणारा, फोनवर बोलणारा, गेटवर गेलेला यांची गणना त्यात होत नाही. तिळूच्या खोलीतला माणूस जेवायला जातो तेव्हा आत कोण असतं, हा प्रश्न विचारा. उत्तर लगेच आलं तर ठीक. "असतो कोणीतरी" असं आलं तर कोणीच नसतो.

भांडण लागलं तर काय करता? चांगली जागा असेल तर ते पाण्याचा फवारा, मोठा आवाज, मध्ये फळी घालणं, असं काहीतरी ठोस सांगतील. आमच्याकडे भांडणंच होत नाहीत असं जो सांगतो त्याच्याकडे कुत्रं ठेवू नये.

गळ्यातले पट्टे खेळताना काढतात का? एकाचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकतो आणि दोघंही घाबरून ओढायला लागतात. मी हे डोळ्यांनी बघितलंय, लहान कुत्र्याचा गळा काही क्षणांत आवळतो. जेवण वेगवेगळं देतात का? दुपारी झोपवतात का? सलग आठ तास खेळवणं ही चैन नाही, थकलेलं कुत्रं चिडतं. दुपारचे दोन तास प्रत्येकाला स्वतंत्र, अंधाऱ्या, शांत जागी ठेवणारं डेकेअर मी आधी निवडेन.

भिंतीवर फ्रेम केलेलं प्रमाणपत्र असेल तर ते कशाचं आहे ते वाचा. केंद्राचे २०१७ चे नियम कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्यांसाठी आहेत, २०१८ चे पेट शॉपसाठी. दुकानाची नोंदणी आहे म्हणजे दिवसभर कुत्री कशी सांभाळतात हे कुणी तपासलंय, असा अर्थ होत नाही.

आता तुमच्या दोन जागांबद्दल. बाग छान दिसते, पण जूनमध्ये धो धो पाऊस लागला की ती सगळी कुत्री जाणार कुठे? व्हरांड्यात. वीस ओली, कंटाळलेली कुत्री एका व्हरांड्यात. हे मालकांना विचारा. गवत वाढल्यावर गोचिडी येणार, पाचोळ्यात घोणस येऊ शकते. कुणाला पार्व्हो (उलट्या-जुलाबांचा विषाणूजन्य रोग) झाला तर फरशी ब्लीचने धुता येते, माती धुता येत नाही, तो विषाणू मातीत महिनोन्महिने राहतो. तिळूच्या लशी पूर्ण आहेत त्यामुळे ती बरीच सुरक्षित, पण पिल्लं असलेल्यांनी हे लक्षात ठेवा.

बंद हॉललाही त्याचे दोष आहेत. हवा तीच तीच फिरते, केनेल कफ तिथे जास्त पसरतो. आणि पावसाळ्यात लाईट गेल्यावर काय? खिडक्या उघडतात का, जनरेटर आहे का? शिवाय लहान कुत्र्यांची खोली म्हणजे आपोआप सुरक्षित असंही नाही. पाच किलोचा आडदांड टेरियर तिळूला दिवसभर छळू शकतो. वजनाइतकाच स्वभावही जुळवून गट करतात का ते बघा.

सुरंगी वळेसर

पायवाट, मनापासून आभार. लाईट आणि व्हरांडा हे दोन्ही मुद्दे माझ्या डोक्यातच आले नव्हते. टिटवीताई, लशींचं कार्ड काढून बघितलं, लेप्टोची तारीख जवळ आलीय, या शनिवारी घेते.

काका, बीगलच्या घरच्या आजींशी बोलते. त्यांना कोकणीतच बोलायला आवडतं, माझी कोकणी मोडकी आहे, पण तिळू त्यांची लाडकी आहे.

रायबंदरची होडी

पहिल्या डेकेअरच्या बाजूने कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आमचा बारा किलोचा देशी मिश्र अशाच बागेत जातो आणि तिथे तो खरोखर सुखी आहे. माती उकरतो, झाडाखाली लोळतो. तुमच्या यजमानांचं म्हणणं मला कळतं. पण बारा किलोचा देशी कुत्रा स्वतःला सांभाळतो, आणि रस्त्यावर वाढल्यामुळे समोरच्याचा इशारा त्याला झटकन कळतो. चार किलोच्या फ्लॅटमधल्या पॉमला मी तिथे सोडणार नाही. मोकळी हवा हवी असेल तर सकाळी ऊन चढायच्या आधी मिरामारला किंवा करंजाळ्याच्या किनाऱ्यावर तुम्हीच न्या, पट्टा लावून. ती हवा डेकेअरकडून विकत घ्यायची गरज नाही.

टिटवी

उन्हाचा विषय निघालाच आहे तर हेही. कुत्रं मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतं. हवा दमट असली की जिभेवरचं पाणी नीट उडत नाही, म्हणून आपल्याकडे पारा फार वर न चढताही उष्माघात होतो. पग, शित्झू यांच्यासारख्या चपट्या नाकाच्यांना सगळ्यात आधी. धाप थांबत नाही, लाळ चिकट, हिरड्या गडद लाल, पाय लटपटतात, असं दिसलं तर आधी नळाच्या पाण्याने भिजवा, पंखा लावा, मग गाडीत घाला. हायवेवर अडकलात तर तो आधीचा थंडावाच जीव वाचवतो. डेकेअरमधल्या मुलांना हे माहीत आहे का, तेही विचारून बघा.

पायवाट

आणि कोणत्या डॉक्टरकडे नेणार, कोणाच्या गाडीतून, हेही. पर्वरीहून पूल ओलांडून पणजीत यायचं तर किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीतच आहे. तुमची लेखी परवानगी आधीच देऊन ठेवा की फोन लागला नाही तरी उपचार सुरू करावेत. यावरून वेळ गेलेला मी बघितलाय.

सुरंगी वळेसर

उशिरा लिहितेय, पण लिहायचं होतंच.

दोन्ही जागी परत गेले, न सांगता, सकाळच्या वेळी. बागेतल्या डेकेअरला दार एकच आहे. मी उभी होते तेवढ्यात एक लॅब आला आणि सगळा जथा त्याच्यावर धावला. त्या शित्झूंपैकी एक कुंडीच्या मागे जाऊन बसला आणि मी निघेपर्यंत बाहेर आला नाही. कुणी त्याच्याकडे बघितलंही नाही. नवरा सोबत होता. गाडीत बसल्यावर तो स्वतःच म्हणाला, इथे नको.

दुसरीकडे दोन दारं आहेत, जनरेटर आहे, लहान खोलीत त्या दिवशी सहा कुत्री आणि एक मुलगी होती. माणसाच्या जेवणाच्या वेळेचा प्रश्न विचारला तर तिने भिंतीवरचा कागदच दाखवला, कोण कधी आत येतं त्याचा. पहिल्या दिवशी तासभरच ठेवा असं त्यांनीच सुचवलं. आधी एका शांत म्हाताऱ्या पगबरोबर जाळीच्या दोन बाजूंना ठेवलं, मग एकत्र. मी काचेतून बघत होते. तिळू सुरुवातीला कोपऱ्यात, शेपटी पोटाखाली, सारखी ओठ चाटत होती, जांभया देत होती. त्या मुलीने तिला उचललं नाही की ओढलं नाही, नुसती जवळ जमिनीवर पाठमोरी बसून राहिली. बऱ्याच वेळाने तिळू उठून तिच्या मांडीला नाक लावून आली. मग पगचा वास घेतला. खेळली नाही. पण अंग सैल झालं होतं, पाण्याच्या भांड्याकडे गेली, प्यायली.

रोज नाही पाठवणार. आठवड्यातून दोन दिवस, दुपारपर्यंत. नवरा त्या दोन दिवशी घरून काम करायची परवानगी काढतोय, तो एक वाजता आणेल. बाकीचे दिवस बीगलच्या आजींकडे. त्यांनी पैसे घ्यायला साफ नकार दिला, मग त्यांचा बाजार मी आणायचा असं ठरलं. हे सगळं दोन महिन्यांनी बदलावंही लागेल, बघू.

अस्नोड्याचा वारा

घरी आल्यावर तिच्यावर लक्ष ठेवा. थकून झोपणं ठीक. पण घसा बसलेला, जुलाब, दुसऱ्या दिवशी हार्नेस हातात घेतल्यावर पलंगाखाली शिरणं, यातलं काही वारंवार झालं तर तिला ते झेपत नाहीये असं समजा. आणि रुळायला किती दिवस द्यायचे हे डेकेअरवाल्यांना ठरवू देऊ नका.

फोंड्याची वहिनी

चवथीचं (गणेश चतुर्थीचं) काय करणार? आम्ही दरवर्षी मूळ घरी प्रियोळला जातो. बोर्डिंगवाले चवथीला महिनाभर आधीच भरतात, आणि त्या दिवसांत त्यांच्याकडे नेहमीपेक्षा जास्त कुत्री असतात, निम्मे कामगार स्वतःच्या गावी गेलेले. आमच्या छोटीला एकदा ठेवलं होतं, आता ठेवत नाही, बरोबरच नेतो.

सुरंगी वळेसर

आम्हीही बरोबरच नेणार, सावंतवाडीला. प्रश्न फटाक्यांचा आहे. तिथे आरतीच्या वेळी अंगणातच लावतात आणि ती थरथर कापते.

टिटवी

गावी गेल्यावर पहिल्याच दिवशी मधली एखादी खोली तिची म्हणून ठरवा, रस्त्याकडे खिडकी नसलेली. तिचं रोजचं अंथरूण न धुता तसंच न्या. संध्याकाळी आरतीच्या आधी तिला फिरवून, जेवू घालून आत ठेवा, पंखा मोठा करा, दाराला कडी. पाहुणे सारखे दार उघडतात आणि घाबरलेलं कुत्रं तिथूनच पळतं, म्हणून आतही हार्नेस आणि त्यावर तुमचा फोन नंबर असलेली पट्टी राहू द्या. ती जवळ आली तर जवळ घ्या, त्याने भीती वाढत नाही. फारच थरथरत असेल तर चवथीच्या दोन-तीन आठवडे आधी तुमच्या डॉक्टरांना भेटा. भीती कमी करणारी औषधं आहेत, पण ती वजनावर ठरतात आणि एकदा घरी देऊन बघावी लागतात. माणसांची झोपेची गोळी चुकूनही देऊ नका.